खोक्यातल्या हवेचं भाडं

बागेतलं नि गच्चीतलं फर्निचर ऑनलाइन विकणारे विक्रेते, आणि ते लोकांच्या घरी पोचवणाऱ्या पार्सल कंपन्या, यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

साडेसात हजारांचा झोपाळा आणि तो घरी आणून द्यायचे बावीसशे. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर हा आकडा उगवला की ग्राहक आधी वेबसाइटला शिव्या घालतो, मग ट्रान्सपोर्टवाल्याला, आणि शेवटी कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडून पाइपचा झोपाळा वेल्ड करून घेतो. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, असं त्याला वाटतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मात्र मसाला महाग केला कुणी, हे त्याला कळायला मार्ग नसतो. हे पत्र लिहिणारे आम्ही काही जण असं फर्निचर बांधतो, पॅक करतो, त्याच्या बिल्ट्या, म्हणजे वाहतुकीच्या पावत्या, फाडतो. आमचं म्हणणं एवढंच, की त्या बावीसशेतले निम्मे डिझेल-टोलपायी लागत नाहीत. ते लागतात झोपाळ्याचं डिझाइन ठरतं तेव्हा, आणि उरलेसुरले पॅकिंगच्या टेबलावर. ते वाचवणं ग्राहकाच्या हातात नाही, तुमच्या आहे.

हिशोबच मांडू. एका माणसाचा टोपलीवाला झोपाळा घ्या: लोखंडी पाइपचा सांगाडा, त्यावर प्लास्टिकच्या पट्टीची वीण, खाली गोल बैठक, वर वाकवलेला खांब. सगळं मिळून काट्यावर २४ किलो. टोपली अखंड असल्यामुळे खोकं ११० × ८० × ७५ सेंटीमीटरचं. कुरिअरवाले तिन्ही मापांचा गुणाकार करून ५००० नं भागतात. ६,६०,००० भागिले ५००० म्हणजे १३२ किलो. काट्यावरचं वजन आणि हे व्हॉल्युमेट्रिक वजन, यांत जे जास्त त्यावर भाडं. म्हणजे २४ किलोच्या मालाला १३२ किलोचं भाडं, आणि वरचे १०८ किलो ही टोपलीतली हवा.

इथवरचं गणित तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पुढची गोष्ट पाठ असते ती फक्त पॅकिंगवाल्यांना. ११० × ८० × ७५ हे माप रिकाम्या, सरळ पुठ्ठ्याचं. आत बबल शीट कोंबली, कडांना थर्माकोल लावला की पुठ्ठा पोटातून फुगतो. हबवर, म्हणजे कुरिअरच्या माल गोळा होणाऱ्या केंद्रावर, मशीन माप घेतं ते सगळ्यात बाहेरच्या बिंदूपासून बाहेरच्या बिंदूपर्यंत. फुगलेलं खोकं ११३ × ८३ × ७८ भरतं. तिन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर, आणि वजन १४६.३ किलो, पुढच्या किलोला पूर्ण करून १४७. पुठ्ठ्याच्या पोटाचे हे १५ किलो. हिशोबासाठी किलोला १२ रुपये धरले तर १,७६४ रुपये. बिल्टीचे १००. वर १८ टक्के जीएसटी. बेरीज २,२०० रुपये. हेच ते बावीसशे. इंधन अधिभार यात धरलेलाच नाही.

आता टोपली मधोमध दोन भागांत करा आणि बिजागरीवर मिटेल अशी बनवा. खोकं बांधून झाल्यावर ११० × ८० × ४० होतं. वजन ७०.४, म्हणजे ७१ किलो. ८५२ रुपये, बिल्टीचे १००, वर जीएसटी: ११२३ रुपये. दर तोच, ट्रक तोच, गाव तेच.

मग सगळेच टोपल्या का मिटवत नाहीत? कारण मिटणारी टोपली नीट करणं कटकटीचं असतं, आणि अर्धवट केली तर अखंडपेक्षा वाईट. बिजागरीजवळ वीण सैल सोडावी लागते. ती ताणून बांधली तर पहिल्यांदा उघडतानाच पट्टी तुटते आणि तिथून उसवत जाते. खांबाचे तीन तुकडे केले की प्रत्येक सांध्यात आतून बसणारी नळी हवी, ती किमान १० सेंटीमीटर आत जाणारी. चार-पाच सेंटीमीटरवर भागवलं की माणूस बसल्यावर खांब डुलतो आणि बोल्टचं भोक लंबगोल होतं. आठ एमएमच्या बोल्टला नऊ एमएमचं भोक ठेवा. कारखान्यात पावडर कोटिंगच्या आधी आठचं भोक बरोबर बसतं. कोटिंगचा थर चढल्यावर तोच बोल्ट ग्राहकाच्या गच्चीवर हातोडीनं ठोकावा लागतो, आणि ठोकला की कोटिंग उडतं. समुद्रकाठच्या घरात उडालेल्या त्या टिकलीपासून पहिल्याच पावसाळ्यात गंज सुरू. त्या बाजूच्या ऑर्डरला बोल्ट ३०४ स्टेनलेसचे द्या. झोपाळ्यामागे शे-दीडशे रुपये वाढतील, पण वर्षभरानं येणारा फोन वाचेल.

बोल्टची पिशवी खोक्यात सुटी टाकू नका. प्रवासात ती टोपलीभर फिरते, वीण खरवडते, शेवटी पुठ्ठ्याच्या फटीतून बाहेर पडते. ग्राहकाला आठातले सात बोल्ट मिळतात आणि तो सगळा झोपाळा परत पाठवायला काढतो. पिशवी बैठकीच्या पाइपला टेपनं बांधा, आत दोन बोल्ट, दोन वॉशर नि दोन नायलॉक नट जादा घाला, एलन की विसरू नका. आणि कस्टमर केअरला एवढं लिहून द्या: बोल्ट कमी पडला तर परतावा उघडायचा नाही, बोल्ट पाकिटात घालून त्याच दिवशी पोस्टानं पाठवायचा. पाच रुपयांच्या बोल्टपायी दोन वेळचं भाडं भरलेल्या बिल्ट्या आम्ही बऱ्याच पाहिल्या आहेत.

बाकाची गोष्ट याहून सोपी, म्हणूनच तिथली चूक जास्त खटकते. चार फुटी बाक: दोन बिडाचे पाय, सात-आठ लाकडी पट्ट्या, पाठीला एक जाळी. जोडून पाठवला तर १२५ × ६० × ७८, म्हणजे ११७ किलो. सुटा केला तर सगळं १३० × ६५ × १४ च्या चपट्या खोक्यात मावतं. व्हॉल्युमेट्रिक २३.७ किलो आणि काट्यावर २६. इथे काटा जिंकतो. ग्राहक लाकडाचं नि बिडाचं भाडं देतो, हवेचं नाही. १,४०४ रुपयांच्या जागी ३१२. फक्त दोन पाय एकमेकांना टेकवू नका. बीड ठिसूळ असतं, वेलबुट्टीच्या पातळ जागी एका आपटीत तडकतं, आणि तडा रंगाखाली दिसत नाही. कुणीतरी बसल्यावर दिसतो. एक पाय खाली, वर फोमची शीट, मग पट्ट्यांचा थर, पुन्हा फोम, मग दुसरा पाय. पट्ट्यांनाच गादीचं काम करू द्या.

प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल थोडक्यात. एक खुर्ची खोक्यात घालून पाठवणं हा वेडेपणा आहे. ६० × ६० × ८५ चं खोकं, ६२ किलोचं भाडं, आत तीन किलोची खुर्ची. चारांची चळत केली तर उंची ११२ होते आणि चारांचे मिळून ८१ किलो, म्हणजे खुर्चीमागे वीस. तरीही आमचं मत असं की ही खुर्ची घरपोच विकूच नये. तालुक्याच्या गावी ती दुकानाबाहेर चळत लावून ठेवलेली असते.

छत्रीच्या बाबतीत उलटा प्रकार. तिथे हवा नाही, दगड पाठवला जातो. नऊ फुटी छत्रीच्या खाली सिमेंटची २५ किलोची बैठक, माप मात्र ५० × ५० × १२, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक सहाच किलो. बैठक प्लास्टिकची पोकळ द्या. वाळू नि पाणी प्रत्येक गावात आहे, ते पुण्याहून कशाला पाठवायचं? वाळू भरायचं तोंड मात्र रुंद ठेवा, चहाच्या कपाएवढं तरी. बाटलीच्या बुचाएवढ्या भोकातून ओली वाळू जात नाही, मग लोक नुसतं पाणी भरतात आणि वळवाच्या वाऱ्यात छत्री शेजाऱ्याच्या गच्चीत जाते. दांडा दोन तुकड्यांत हवाच. अखंड आठ फुटी दांड्याला कुरिअरचं मशीन घेत नाही, तो हातानं वेगळा काढावा लागतो आणि जादा लांबीचा अधिभार लागतो.

आता पार्सल कंपन्यांशी बोलतो. रस्त्यानं माल नेताना तुमच्यातले बरेच जण ५००० चा भागाकार न करता घनफुटाचा हिशोब लावतात: जेवढे घनफूट, गुणिले ६, ७, ८ किंवा १० किलो. वरचं ६,६०,००० चं खोकं २३.३ घनफूट भरतं. सहाच्या दरानं १४०, दहाच्या दरानं २३३ किलो. ‘किलोला ९ रुपये’ म्हणणारा दहाचा आकडा लावतो आणि ‘किलोला १२’ म्हणणारा सहाचा, तेव्हा महाग दिसणारा स्वस्त पडतो: २,०९७ विरुद्ध १,६८०. दरपत्रकावर किलोचा दर ठळक असतो आणि घनफुटाचा आकडा तळाशी बारीक अक्षरात. त्यात काही ठिकाणी फूट ३०.४८ ऐवजी ३० सेंटीमीटरचा धरून २७००० नं भागतात. तेवढ्यानंच वजन जवळपास पाच टक्के चढतं. विक्रेत्यांनो, दर विचारताना पहिला प्रश्न किलोचा नको, हा विचारा.

दहाचा आकडा हवेतून आलेला नाही, हे आम्हालाही मान्य. चौदा फुटी गाडी १४ × ६ × ६ म्हणजे ५०४ घनफूट, आणि ती साधारण साडेतीन-चार टन उचलते. घनफुटाला सात-आठ किलो. गाडी काठोकाठ कधीच भरत नाही, पाऊण भरली तरी हमालाची कमाल. रिकाम्या पाव भागाचं भाडं भरलेल्या मालावर टाकलं की आकडा दहाजवळ जातो. पण हा हिशोब वेड्यावाकड्या मालाचा. अखंड टोपलीच्या खोक्यावर दुसरं खोकं ठेवता येत नाही, ठेवलं तर टोपली दबते. तिच्या डोक्यावरची जागाही तिच्याच नावावर गेली पाहिजे. बाकाचं चौदा सेंटीमीटरचं चपटं खोकं मात्र भिंतीला उभं लागतं, दहाची थप्पी होते, फटीत सरकतं. दोघांना एकच आकडा का? थप्पी लागणाऱ्या खोक्याला सहा-सात आणि न लागणाऱ्याला दहा, असे दोन दर छापा. मग टोपली मिटवायचा खर्च विक्रेता आपणहून करील, आणि गाडीत माल जास्त भरल्यानं फायदा तुमचाच होईल.

दुसरं म्हणजे मापाचा वाद. हबच्या मशीननं लावलेलं माप विक्रेत्याला आठवड्यानं बिलात कळतं, तेव्हा खोकं ग्राहकाकडे फोडून झालेलं असतं. मशीननं काढलेला फोटो मापासकट त्याच दिवशी पाठवा. तो न मिळाल्यामुळे विक्रेते काय करतात ते सांगतो: सगळ्याच ऑर्डरींवर दहा-पंधरा टक्के ‘असूदे’ म्हणून चढवून ठेवतात, आणि ज्याच्या खोक्याचं माप बरोबर होतं तोही ते भरतो. विक्रेत्यांनीही बुकिंगला खोकं बांधून झाल्यावर मोजपट्टी लावावी, कॅटलॉगमधलं माप टाकू नये. खोक्याबाहेर डोकावणारा दहा सेंटीमीटरचा पाइप हा दहा सेंटीमीटरचा पाइप नसतो. मशीनला अख्खं खोकं दहा सेंटीमीटर लांब दिसतं. वरच्या उदाहरणात १३२ चे १४४ किलो.

पावसाळ्याविषयी एवढंच, की पुठ्ठ्याची ताकद कोरडेपणात असते. जूनमध्ये डेपोच्या फरशीवर रात्रभर टेकलेल्या पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या, खोक्याचा तळ सकाळी हाताला लापशीसारखा लागतो. बाहेरून स्ट्रेच फिल्मचे तीन वेढे मारा, आणि तळाला सात प्लायचा जादा तुकडा घाला. लाकूड असेल तर आत प्लास्टिकची घट्ट पिशवी नको; ओल आतच कोंडते आणि सागवानावर बुरशीचे ठिपके येतात. टेबलाची काच वेगळ्या लाकडी चौकटीत, उभी. आडवी ठेवली की कुणीतरी वर काहीतरी ठेवणारच. टफन काच मधोमध धक्का सोसते, कडेला टिचकी बसली तर सगळी भुगा होते, म्हणून फोम कडांना जास्त लावा, मध्ये कमी.

‘घरपोच’ या शब्दाकडे येऊ. तुमच्या पानावर तो एक शब्द असतो, जमिनीवर त्याचे चार अर्थ होतात: सोसायटीचं फाटक, इमारतीचा दरवाजा, फ्लॅटचा दरवाजा, आणि गच्चीवर जोडून दिलेला झोपाळा. ग्राहक चौथा धरतो, ड्रायव्हर पहिला. ड्रायव्हर एकटा असतो, गाडी फाटकासमोर थांबू देत नाहीत, आणि त्याच्या यादीत अजून तीस पत्ते. मग वॉचमनच्या टेबलाशी भांडण, हमाल शोधणं, मजल्याला शंभर की दीडशे यावर घासाघीस. हे पैसे ग्राहकाच्या खिशातून जातात, पण तुमच्या कुठल्याच बिलात दिसत नाहीत, म्हणून घरपोच भाडं खरं किती पडतं याचा अंदाज तुम्हालाही नाही.

लिफ्टचंच पाहा. बऱ्याच इमारतींत लिफ्टचा दरवाजा ८० सेंटीमीटर उघडतो. फुगलेलं ११३ × ८३ × ७८ चं खोकं ८३ च्या बाजूनं जाणार नाही. ७८ ची बाजू आडवी केली तर दोन्हीकडे मिळून दोन सेंटीमीटर उरतात. त्यात धरणाऱ्याची बोटं कुठे ठेवायची? खोकं जिन्यानं जातं. चाळीस सेंटीमीटरचं खोकं आडवं करून एक माणूस लिफ्टमध्ये सरकवतो. टोपली मिटवण्याचा फायदा असा भाड्यावर संपत नाही, सहाव्या मजल्याच्या हमालीपर्यंत जातो. पानावर ‘लिफ्टचा दरवाजा किमान इतका हवा’ ही एक ओळ घालायला काय हरकत आहे?

कोकणात आणि घाटमाथ्याच्या फार्महाऊसांवर प्रश्न पिनकोडचा. पिनकोड बाजारपेठेच्या गावाचा, त्याच्या पोटात दहा वाड्या. वेबसाइट पिन टाकल्यावर हिरवी खूण दाखवते, पैसे घेते, आणि माल तालुक्याच्या डेपोत येऊन पडतो. मग फोन: ‘आमची गाडी तिकडे येत नाही, घेऊन जा.’ किंवा नेहमीच्या हद्दीबाहेरचा अधिभार लागतो आणि तो बाकाच्या भाड्याहून मोठा असतो. शेवटचा तुकडा तर कित्येकदा पाखाडीचा असतो, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, जिथे हातगाडीही चालत नाही. हे ऑर्डर घेतानाच विचारा: गाडी दारात येते का, नसेल तर किती पावलं आधी थांबते? दोन प्रश्नांनी परत जाणाऱ्या बऱ्याच फेऱ्या वाचतील. परत गेलेल्या झोपाळ्याला जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं आणि उघडून पुन्हा पॅक करण्याची मजुरी लागते. साडेसात हजारांच्या मालात त्यानंतर काही उरत नाही.

याला एक सरळ उपाय आहे, आणि तो तुम्ही पानावर देतच नाही: गोडाऊन डिलिव्हरी. सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, नांदेड, जिल्ह्याच्या गावांत पार्सल ट्रान्सपोर्टचे डेपो आहेत. माल तिथपर्यंत पाठवा, बिल्टीचा फोटो ग्राहकाला द्या, तो छोटा हत्ती किंवा तीनचाकी टेम्पो घेऊन येईल आणि सोबत दोन माणसंही आणील. ज्याला झाडं, कुंड्या, मातीही न्यायची असते त्याला टेम्पो करायचाच असतो. फक्त माल किती दिवस फुकट ठेवतात आणि नंतर दिवसाला किती डॅमरेज (माल उशिरा नेल्याचा दंड), हे आधी सांगा.

यात कराचा एक बारकावा आहे. भाडं तुम्ही तुमच्या बिलात लावलंत की ते मालाच्या किमतीत धरलं जातं आणि त्यावर मालाचा जीएसटी लागतो. बाक नि झोपाळ्याला १८ टक्के. जीएसटीत नोंद नसलेल्या घरगुती ग्राहकानं ट्रान्सपोर्टला ‘टू पे’ (भाडं माल घेणाऱ्यानं द्यायचं) बिल्टीवर थेट भाडं दिलं, तर त्या भाड्यावर जीएसटी नाही. कुरिअरनं मागवलं तर १८ टक्के. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून वेत-बांबूच्या फर्निचरवर ५ टक्के झाले म्हणून लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिकची पट्टी विणलेला झोपाळा ‘केन’ म्हणून खपवू नका. सवलत पूर्णपणे वेताच्या, बांबूच्या किंवा रॅटनच्या मालाला आहे. ग्राहक हल्ली बिलावरचा एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा, वाचतात.

‘फ्री डिलिव्हरी’ लिहिणाऱ्यांना दोष देत नाही, पण ती फुकट नसते एवढं कबूल करू. सगळ्या महाराष्ट्राचं सरासरी भाडं किमतीत मिसळलेलं असतं. भोसरीतल्या कारखान्यापासून चार किलोमीटरवर राहणारा गडचिरोलीच्या ग्राहकाचं भाडं भरतो. ते चालेल. चालत नाही ते शेवटच्या पानावर उगवणारं भाडं, ‘हाताळणी’, ‘मोठ्या वस्तूचा अधिभार’. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्यानं एकूण किंमत एका आकड्यात आणि डिलिव्हरी, हाताळणी, कर यांची फोड सांगायची आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत किंमत अशी थेंबाथेंबानं उघड करण्याला ‘ड्रिप प्रायसिंग’ असं नावच दिलं आहे. तक्रारीचा नंबर १९१५ लोकांना आता पाठ होतो आहे. पिनकोड पहिल्या पानावर विचारा आणि भाडं किमतीच्या शेजारी, त्याच अक्षरात दाखवा.

राहिली मोडतोड. रस्त्यानं माल नेणाऱ्याची जबाबदारी २००७ च्या कायद्यानं आणि २०११ च्या नियमांनी ठरते. जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. म्हणजे आम्ही वर सुचवल्याप्रमाणे बाक सुटा करून भाडं ३१२ रुपयांवर आणलंत, तर बारा हजारांच्या बाकाची भरपाई ३,१२० वर थांबते. भाडं वाचवणाऱ्यांचा पाय नेमका इथे घसरतो. बुकिंगला मालाची खरी किंमत लिहा आणि जोखमीचा तो जादा दर भरा. ‘मालकाच्या जोखमीवर’ हा शिक्का बिल्टीवर मुकाट्यानं घेऊ नका. नुकसानीची लेखी सूचना बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला द्यावी लागते, त्याशिवाय दावा उभा राहत नाही. ग्राहकालाही खोक्यावरच सांगा, मोठ्या मराठी अक्षरांत: सही करण्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढा, खोकं फाटलं असेल तर पोचपावतीवर ‘माल मिळाला’ एवढंच न लिहिता ‘तळ फाटलेला, आतला माल तपासलेला नाही’ असं लिहा, मग सही करा. पोचपावतीवरची ती एक ओळ नंतर पाठवलेल्या वीस ईमेलना भारी पडते.

तुमच्या प्रत्येक वस्तूच्या पानावर, फोटोच्या लगेच खाली, आम्हाला पुढचा मजकूर हवा आहे. आकडे तुमचे घाला:

‘खोकी १. बांधल्यावरचं माप ११० × ८० × ४० सेंमी. काट्यावर २४ किलो, भाड्यासाठी ७१ किलो. तुमच्या पिनकोडला घरपोच भाडं करासह ११२३ रुपये; जिल्ह्याच्या डेपोतून स्वतः नेल्यास वेगळा दर, इथे पाहा. घरपोच म्हणजे इमारतीच्या दरवाजापर्यंत. लिफ्टनं वर नेण्याचे इतके, जिन्यानं मजल्यामागे इतके. जोडायला दोन माणसं, अर्धा तास, पाना सोबत आहे.’

हे छापायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. हे सगळे आकडे तुमच्या पॅकिंग विभागाच्या वहीत आजही आहेत, बहुधा पेन्सिलनं लिहिलेले.

आपले,
फर्निचर बांधणारे, पॅक करणारे आणि बिल्ट्या फाडणारे काही जण
पुणे